विषय : किनाऱ्यावरील पाईपबाबत

वेलचेरी, चेन्नई
२० जानेवारी २००८

ती. मामांना रेवाचा नमस्कार,

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. फोन केला असता, पण फोन खाली आईच्या खोलीत आहे. तुम्ही माडीवरून उतरेपर्यंत तीच तो उचलते, आणि तुमच्याशी काय बोलायचं आहे ते आधी तिला सांगावं लागतं. हे तिला सांगण्यासारखं नाही. घाबरू नका, लग्नाचं किंवा नोकरीचं काही नाही. मला एक अर्ज लिहायचा आहे, आणि कचेरीत चौतीस वर्षं काढलेला दुसरा हेडक्लार्क माझ्या ओळखीत नाही.

गोष्ट अशी आहे. इथे माझे काही मित्रमैत्रिणी रविवारी सकाळी सर्फिंग करतात. म्हणजे सात-आठ फुटांची गुळगुळीत फळी घेऊन समुद्रात शिरायचं, लाट फुटायच्या बेतात आली की फळीवर उभं राहायचं आणि तिच्याबरोबर किनाऱ्यापर्यंत यायचं. त्यांतला अथर्व नागपूरचा, पेरुंगुडीच्या ऑफिसात माझ्या समोर बसतो. सहाना मैलापूरला दातांची डॉक्टर आहे. ती तंजावरच्या मराठी घरातली. त्यांच्या घरी मराठीच बोलतात, पण ती दोनशे वर्षांपूर्वीची वाटते. या सगळ्यांना शिकवलं सुब्बाने. तो मुत्तारकुप्पमचा कोळी. चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाताना हे मच्छीमारांचं गाव लागतं. सुब्बा म्हणतो, आमचे आजोबा ओंडके बांधून केलेल्या कट्टुमरमवरून याच लाटांवर बसून घरी येत, फक्त त्यांच्याकडे मासे असत आणि तुमच्याकडे नसतात.

या गावाला लागून एक मोठं रिसॉर्ट आहे. त्याचं सांडपाणी वाळूखालून एका पाईपने थेट समुद्रात येतं. ज्या दिवशी सोडतात त्या दिवशी पाण्यावर करडा फेस असतो. त्यात शिरलं की कान सुजतो. आधी आतून खाजतो, मग उशीवर टेकवता येत नाही, मग जांभई दिली तरी जबड्यात कळ येते. मित्रांना झालं होतं. कोळ्यांचं याहून वाईट आहे. किनाऱ्यालगतच्या जाळ्यात गेलं वर्षभर जवळजवळ मासळीच येत नाही.

गेल्या रविवारी सगळ्यांनी निदर्शनं केली. तमिळ आणि इंग्रजीत ‘समुद्र वाचवा’ लिहिलेलं पंधरा फुटी कापड दोन टोकांना दोघांनी धरायचं आणि फळ्यांवर बसून रिसॉर्टसमोर थांबायचं, असं ठरलं होतं. तिसऱ्या लाटेने ते कापड अथर्वभोवती गुंडाळलं. सुब्बाने त्याला जाळ्यातून मासा काढावा तसं काढलं. रिसॉर्टच्या हिरवळीवरच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि थोड्या वेळाने मॅनेजरने माणूस पाठवून विचारलं, की हा कार्यक्रम दर रविवारी अकराला करता येईल का.

तेव्हा आता अर्जच करायचा असं ठरलंय. कसा लिहू, कोणाला लिहू?

तुमची
रेवा


जावक क्र. १
मिरज, दि. २९ जानेवारी २००८

विषय : समुद्रात सांडपाणी सोडले जात असल्याबाबत.
संदर्भ : तुझे दि. २० चे पत्र.

चि. रेवा हिला दिनानाथमामाचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुझ्या मित्रांच्या कानाचं वर्णन फार आतून केलेलं आहे, एवढंच नोंदवून ठेवतो आणि पुढे जातो.

अर्ज एका पानाचा असावा. दुसरं पान कोणी उलटत नाही, हे मी उलटायच्या जागी बसून सांगतोय. एका अर्जात एकच विषय घ्यावा. मासळी, कान आणि समुद्राचं सौंदर्य एकत्र घातलंत तर अर्ज तीन टेबलांवर फिरेल आणि चौथ्यावर झोपेल. निषेध, धिक्कार, संताप हे शब्द टाळावेत, कारण कुठल्याही फायलीत त्यांच्यासाठी रकाना नसतो. पाईप कुठे आहे, पाणी केव्हा येतं, कोणी पाहिलं, एवढंच लिहावं आणि खाली ‘प्रत्यक्ष पाहणी व्हावी ही विनंती’. अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

आणखी एक. अर्जाची एक प्रत माहितीसाठी रिसॉर्टच्या व्यवस्थापकांना अवश्य द्यावी. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याला न कळवणं रीतीला धरून नाही. मी नोकरीत अशी एकही प्रत चुकवली नाही. मसुदा सोबत जोडला आहे, इंग्रजीत आहे, त्यातला एकही शब्द बदलू नये.

तुझी आई पाकिटाबद्दल विचारत होती. मी सांगितलं, रेवाच्या ऑफिसात सर्फिंगचं काम निघालंय, ते कॉम्प्युटरवर करतात. तिने दुपारीच भजनी मंडळात सांगितलं, की रेवा आता सर्फिंगला आहे. कोणीतरी विचारलं म्हणे, त्यात पेन्शन असतं का.

एक वैयक्तिक प्रश्न, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. फळीवर उभं राहून किनाऱ्याला आल्यावर मग काय करतात?

तुझा
दिनानाथमामा


वेलचेरी
२ मार्च २००८

ती. मामा,

किनाऱ्याला आल्यावर परत आत जातात. बाकी काही नाही.

कान माझाच होता. दीड वर्ष झालं. आईने लहानपणी मला कृष्णेच्या घाटाची शेवटची पायरी कधी उतरू दिली नाही, तेव्हा तिला हे सांगायचं तर तोंडच उघडत नाही. तुम्ही ओळखलंत ते बरं झालं, आता मोकळेपणाने लिहिते.

अर्ज तुमच्या मसुद्याप्रमाणे दिला. पहिल्या कार्यालयात सांगितलं, भरतीच्या रेषेच्या वरचं ते आमचं, खालचं दुसऱ्यांचं. दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, पाईप वाळूत असेल तर पहिल्यांचा, पाण्यात असेल तर आमचा. सुब्बाने विचारलं, भरतीला पाण्यात आणि ओहोटीला वाळूत असेल तर? त्यावर तिथल्या नारायणस्वामी नावाच्या अधिकाऱ्यांनी बराच वेळ छताकडे पाहिलं आणि अर्ज ठेवून घेतला. हा मला चांगला माणूस वाटला.

पाहणीची तारीख आठ दिवस आधी लेखी कळवली. आम्हाला एक प्रत आली, रिसॉर्टला एक गेली. त्या गुरुवारी सगळ्यांनी ऑफिसला दांडी मारली. अथर्वने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आम्ही किनाऱ्यावर पोचलो, तर पाईपचं तोंड जिथे असतं तिथे वाळू सारखी करून क्रोटनच्या अकरा कुंड्या मांडलेल्या. पाणी असं स्वच्छ, की तळाच्या शिंपल्या मोजाव्यात. मॅनेजरने नारायणस्वामींना शहाळं दिलं, आणि आम्हालाही दिलं. नारायणस्वामी छत्री घेऊन दोनशे पावलं इकडे गेले, दोनशे तिकडे. अथर्वला राहवेना, तो हातांनी वाळू उकरायला लागला. चुकीच्या जागी उकरली. त्याला एक चप्पल सापडली. नारायणस्वामींनी वहीत ‘पाईप आढळला नाही’ असं लिहिलं, आम्हाला नमस्कार केला आणि गेले.

शहाळं पिऊन झालं होतं, मामा, हे मला जास्त लागलं.

सुब्बाची आई चंद्रिका तिथेच कडेला मासळी वाळत घालत होती. तिने सुब्बाला विचारलं, यांना आधी सांगितलं कोणी? सुब्बाने प्रतीचं सांगितलं, तर ती आमच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, की रिसॉर्टवर लग्न असलं की पाईप सोडतात, दुपारी पहिली पंगत उठल्यावर. आधी दहा मिनिटं वाळूतून गुरगुर ऐकू येते. ही बाई रोज तिथे बसते आणि आम्हाला दीड वर्षात तिला विचारायचं सुचलं नाही.

प्रत द्यायचं तुम्ही सुचवलं होतं. तुमच्यावर रागवायचं नाही असं ठरवून बसले होते, पण हे लिहिल्याशिवाय पत्र पुरं होईना.

रेवा


मिरज
९ मार्च

चि. रेवास आशीर्वाद.

या पत्राला जावक क्रमांक घातलेला नाही.

सन एक्याण्णव साली नदीकाठच्या एका गावची माणसं कचेरीत आली होती. वरच्या अंगाला साखर कारखाना, त्याची मळी रात्रीतून नदीत सोडतात अशी तक्रार. टोपलीतून मेलेले मासे आणून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले. मी त्यांना टोपली खाली ठेवायला सांगितली आणि अर्ज व्यवस्थित नोंदवून घेतला. कारखान्याला प्रत गेली. पाहणी झाली. काही आढळून आलं नाही. ते पुन्हा आले, पुन्हा प्रत, पुन्हा पाहणी, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला एकच जण आला, राघोत्तम नावाचा. त्याने अर्जसुद्धा आणला नव्हता. मला विचारलं, साहेब, त्यांना कळतं कसं? मी त्याला सांगितलं, सगळं रीतीप्रमाणे झालेलं आहे.

तो गेल्यावर मी जेवायचा डबा उघडला होता, हे आठवतंय. आपलं काही चुकलं असं सतरा वर्षांत कधी मनात आलं नाही. तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस माडीवरून खाली उतरलो नाही. कल्पनाला, म्हणजे तुझ्या आईला, वाटलं गुडघा दुखतोय.

असो. आता कामाचं. सुब्बाच्या आईने सांगितलं त्यात सगळं आलं आहे. रोजच्या पाहुण्यांचं पाणी त्यांना आठ दिवस टाकीत दाबून ठेवता येतं. पण सहाशे पानं उठल्यावर ते दाबता येणार नाही, तेव्हा पाहणी लग्नाच्या दिवशीच व्हायला हवी. अशा दिवशी ती सरकारी कागदावर मागितलीत तर परत आठ दिवस आधी कळवतील. म्हणून कागदावर मागू नका. नारायणस्वामींना लग्नाला बोलवा. घरी जाऊन, ताटात हळदकुंकू आणि पत्रिका ठेवून, पत्नीसह. अधिकारी पाहणी पुढे ढकलतो, पण घरी येऊन केलेलं आमंत्रण त्याच्याने मोडवत नाही. मी स्वतः अशी दीडशे लग्नं जेवलो आहे, त्यांतल्या निम्म्यांचे नवरदेव मला आजही सांगता येणार नाहीत.

मी पंचांग काढून बसलो आहे. तिकडचे मुहूर्त वेगळे असतात का ते कळव. त्या रिसॉर्टवर कोणाचं तरी लग्न असेलच.

मामा


वेलचेरी
६ एप्रिल २००८

ती. मामा,

लग्न सापडलं, पण ते सहानाच्या चुलतबहिणीचं निघालं. सोळा मे, शुक्रवार, त्याच रिसॉर्टवर. मुलीचं नाव अर्चना. तिचे वडील कृष्णस्वामी बँकेतून निवृत्त झालेले, फार शिस्तीचे. त्यांनी दोन वर्षं आधी जागा ठरवली, कारण नवऱ्यामुलाकडच्यांना समुद्र हवा होता.

मी तुमची युक्ती सहानाला सांगितली. ती म्हणाली, माझ्या काकांच्या मांडवात मी घाण दाखवायला माणूस बोलवू? मी म्हटलं, घाण तर आहेच. ती म्हणाली, तुझ्या बहिणीच्या लग्नात हे करशील का? मी म्हटलं, करीन. मला सख्खी बहीण नाही, चुलतही नाही, त्यामुळे ते फार सोपं होतं, आणि तिने तसं म्हटलंही. त्यानंतर दोन आठवडे ती समुद्रावर आली नाही. मी दाढ दुखते म्हणून तिच्या दवाखान्यात गेले, तर दाढ तपासून, काही झालेलं नाही असं सांगून तिने पुढच्या पेशंटला बोलावलं.

मग गेल्या रविवारी ती स्वतःच आली. झालं असं, की घरी लग्नाची तयारी चालली होती आणि तिची आजी त्रिपुरसुंदरी, वय ब्याऐंशी, सगळ्यांना सांगत होती, की मुहूर्त लागला की मी चांदीच्या भांड्यातून समुद्राचं पाणी आणणार, वधूवरांच्या डोक्यावर शिंपडणार आणि उरलेलं आचमन करणार. त्यांच्याकडे तसं करायची कुठलीही रीत नाही, ही आजीने या लग्नासाठी नवी काढलेली आहे. पण तिला नाही म्हणायची कोणाची प्राज्ञा नाही. सहाना दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने नारायणस्वामींचा पत्ता विचारला.

काकांना तिने एवढंच सांगितलं, की हे माझ्या ओळखीचे मोठे साहेब आहेत, त्यांना बोलवलं पाहिजे. काका स्वतः ताट घेऊन गेले. नारायणस्वामींच्या पत्नीने पत्रिका बघून लगेच विचारलं, जेवणात अक्कारवडिसल आहे का? तो दुधा-गुळातला भात त्यांना आवडतो. आहे. दोघं येणार.

आम्ही तिघं, मी, अथर्व आणि सुब्बा, त्या वेळी पाण्यात असणार. पाहुणे बघायला किनाऱ्यावर येतील, साहेबही येतील. मागे मॅनेजरनेच कार्यक्रम मागितला होता, तो आता फुकट करून देतो म्हटल्यावर त्याने जागेवर होकार दिला.

रेवा


जावक क्र. २
तातडीचे
मिरज, दि. २८ एप्रिल २००८

चि. रेवास आशीर्वाद.

तुझी आई येत आहे.

मी थांबवायचा प्रयत्न केला. तिने एकाएकी तिरुपतीचा नवस काढला. कधी बोलली होती विचारलं, तर म्हणे मनातल्या मनात. हरिप्रिया एक्स्प्रेसने तिरुपती, तिथून बसने तुझ्याकडे. बारा तारखेला पोचेल. मी बरोबर येतो म्हटलं, तर माझ्या गुडघ्याचं कारण काढून मला गप्प केलं.

तिला काही माहीत नाही याबद्दल निश्चिंत असावं. तुझी पत्रं मी पंचांगात ठेवतो, आणि पंचांग माझ्या उशाशी असतं. सोळा तारखेला तिला सहानाबरोबर लग्नाला पाठव आणि तू ऑफिसला जातेस असं सांग. ती जेवायला बसली की दीड तास उठत नाही. तेवढ्यात तुमचं काम उरकेल.

खोटं बोलायला सांगतोय याचं वाईट वाटतं. पण काळजीने ती आजारी पडते हे तुला माहीत आहे.

मामा


वेलचेरी
२० मे २००८

ती. मामा,

चार दिवस झाले, आता सगळं क्रमाने लिहिते.

आई बारा तारखेला आली. तिरुपतीचे लाडू, तुमचा चिवडा, आणि माझ्याकडे रोखून बघणं. मी म्हटलं, शुक्रवारी मला ऑफिस आहे, तू सहानाबरोबर लग्नाला जा. ती म्हणाली, हो, जाते. एवढं लगेच हो ती कशालाच म्हणत नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

सहानाने नंतर सगळं सांगितलं ते असं. आई हिरवं रेशमी नेसून गेली. तिथल्या बायकांनी तिला घेरलं आणि ‘अस्के क्षेम कीं’, म्हणजे सगळं ठीक ना, असं विचारलं. आईला पेशव्यांच्या काळातलं पत्र कोणीतरी मोठ्याने वाचतंय असं वाटलं, पण तासाभरात तिने तिघींना पुरणाचं प्रमाण सांगून टाकलं होतं. नारायणस्वामी जरीकाठी पांढरं धोतर नेसून, पत्नीसह आले. साडेअकराला मुहूर्त लागला, पहिली पंगत बसली आणि उठत आली. मॅनेजरने लाउडस्पीकरवर सांगितलं, की पाहुण्यांसाठी समुद्रावर खास खेळ आहे.

आम्ही बाहेर लाटांच्या मागे फळ्यांवर बसलो होतो. किनाऱ्यावर रेशमी साड्यांची रांग लागली, आणि मला तिच्यात हिरवी साडी दिसली. जेवणावरून ती उठली होती, मामा. मी सुब्बाला म्हटलं, मी आत जात नाही, माझी आई उभी आहे. सुब्बा म्हणाला, माझीपण उभी आहे, त्यात काय? तेवढ्यात मागून लाट आली. अशी लाट मला दीड वर्षात मिळाली नव्हती. घ्यायची नाही असं ठरवलं होतं, पण हात आपोआप पाणी कापायला लागले. मी उभी राहिले आणि उभीच राहिले, पार उथळ पाण्यापर्यंत.

आईने सहानाला विचारलं, ही मुलगी किती छान उभी राहते, कोणाची गं? सहानाला त्या जुन्या मराठीत खोटं बोलता येत नाही असं ती म्हणते. तिने सांगितलं, “तुमचीच की.”

तेवढ्यात कडेला मासळीपाशी बसलेली चंद्रिका उभी राहिली आणि पदर हलवायला लागली. तिला वाळूतली गुरगुर ऐकू आली होती. नारायणस्वामी खेळ नीट दिसावा म्हणून क्रोटनच्या कुंड्यांमध्ये जाऊन उभे होते, बरोबर पाईपच्या तोंडावर. आधी एक कुंडी कलली. मग वाळू फुगली आणि काळं पाणी त्यांच्या दोन्ही पायांमधून उसळलं. त्यात कढीपत्ता होता, केळीच्या पानांचे तुकडे होते, आणि बाकी काय होतं ते लिहीत नाही. धोतर गुडघ्यापर्यंत काळं झालं. ते जागचे हलेनात. आईने पुढे होऊन त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं आणि हिंदीत विचारलं, “आप वही साहब हैं ना, जिनको पाईप नहीं मिला था?”

हे तिला कसं माहीत, ते मला अजून कळलेलं नाही.

सगळ्यांत आधी हसल्या त्या नारायणस्वामींच्या पत्नी. हसू आवरेना, शेवटी त्या वाळूत बसल्या. नारायणस्वामींनी धोतराकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं आणि कागद मागितला. कागद कुणाकडेच नव्हता. आईने पर्समधून लग्नपत्रिका काढून दिली आणि त्यांनी तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पंचनामा लिहायला घेतला. मॅनेजर धावत शहाळं घेऊन आला. यावेळी ते कोणी घेतलं नाही.

मला भीती कृष्णस्वामींची होती. ते आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. मुलीच्या लग्नात ही दुर्गंधी आणि सगळे पाहुणे नाकाला पदर लावून. सहाना पुढे झाली आणि म्हणाली, काका, साहेबांना मी मुद्दाम बोलावलं होतं. ते तिला काय बोलले असते कोण जाणे, पण तेवढ्यात त्यांना आजी दिसली. त्रिपुरसुंदरीबाई चांदीचं भांडं घेऊन एकट्याच पाण्याकडे निघाल्या होत्या, आणि ऐकायला कमी येत असल्याने त्यांना यातलं काही कळलं नव्हतं. कृष्णस्वामी पळत गेले. त्या भांडं बुडवायला वाकल्या होत्या. कृष्णस्वामींनी आपल्या आईचा हात धरला, भांडं काढून घेतलं आणि तिला मांडवात नेलं. परत येऊन पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून पहिली सही त्यांनी केली. दुसरी चंद्रिकाची. तिने अंगठा नाही लावला, तमिळमध्ये पूर्ण नाव लिहिलं, आणि ते लिहीपर्यंत सगळे थांबले.

काल नोटीस निघाली. पाईपच्या तोंडात सिमेंट भरलं. पाणी शुद्ध करायची टाकी बांधल्याशिवाय लग्नं घ्यायची नाहीत असं सांगितलंय. रिसॉर्टवाले कोर्टात जाणार असं ऐकते, म्हणजे हे इतक्यात संपणार नाही. पण मुत्तारकुप्पमच्या कोळ्यांच्या पंचायतीने आता त्यांच्या बैठकीला आम्हाला बोलावलंय. याआधी ते आम्हाला ‘फळीवाली पोरं’ म्हणून हाकलायचे.

आई माझ्याशी सोळा तारखेपासून फक्त स्वयंपाकाबद्दल बोलते. तुम्ही तिला दोन ओळी लिहा.

रेवा


चेन्नई
१ जून २००८

ती. दादास कल्पनाचा नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. माझी समजूत काढायला तू चार पानं लिहिलीस. त्यातलं दुसरं पान मी उलटलं, तुझ्या माहितीसाठी.

पंचांग तुझ्या उशाशी असतं, पण एकादशी बघायला मी ते दर पंधरा दिवसांनी उचलते, हे तुझ्या ध्यानात कसं आलं नाही? सगळी पत्रं मी वाचली आहेत. सर्फिंग कॉम्प्युटरवर करतात हे भजनी मंडळात सांगितलं तेव्हा खरंच वाटत होतं, पण मार्चमध्ये कळलं. राघोत्तमचंही वाचलं, तुझ्या त्या पत्राची कच्ची प्रत पंचांगातच होती. तू दोन दिवस खाली का आला नाहीस ते तेव्हा कळलं, तरी मी गुडघ्याला तेलच पाठवत राहिले. दुसरं काय पाठवावं सुचेना.

नवस काही नव्हता. मी तिला घरी घेऊन यायला निघाले होते. गाडीत पूर्ण वेळ तिला काय काय बोलायचं ते जुळवत होते. किनाऱ्यावर उभी राहिले तेव्हाही जुळवतच होते. मग ती पोरगी लाटेवर उभी राहिली. ती कोणाची हे मला पहिल्यापासून माहीत होतं, दादा. सहानाला विचारलं ते उगीच. कोणीतरी मोठ्याने सांगावं असं वाटलं.

तिच्याशी दहा दिवस बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते, आणि मग तिने मला पुन्हा कधी काही सांगितलं नसतं. आता बोलते आहे.

रोज सकाळी तिच्याबरोबर मुत्तारकुप्पमला जाते. चंद्रिका आणि मी शेजारी बसतो. तिला मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही, तिच्या मासळीच्या वासाने मला सुरुवातीला मळमळायचं आणि माझ्या लसणाच्या चटणीने तिला ठसका लागायचा. आता दोघींना सवय झाली. मी तिच्या नातीला झबलं शिवून दिलं. किनाऱ्यालगतच्या जाळ्यात परवा थोडी मासळी आली. फार नाही, पण आली. ती मला हाताला धरून बघायला घेऊन गेली.

काल नारायणस्वामीसाहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आले होते. कोणाला न कळवता, सुटीच्या दिवशी. पाईपपाशी जाऊन सिमेंटवर छत्री आपटून पाहिली आणि मला नमस्कार करून गेले.

आणि आज सुब्बाने फळी आणून आमच्या दोघींसमोर ठेवली. मी म्हटलं, माझं वय बघ. चंद्रिकाने तर त्याला मारायला हात उगारला. रेवाने सांगितलं, की ती चाळीस वर्षं या वाळूत बसते आहे, पण गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेली नाही. समुद्र पुरुषांचा, बायकांचा किनारा, असं तिच्या सासूने तिला सांगितलेलं. मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. दोघींनी पदर खोचले.

उभं वगैरे कोणी राहिलं नाही. एकाच फळीवर दोघी पोटावर आडव्या, एका बाजूला सुब्बा, एका बाजूला रेवा. लाट आली ती आम्ही पाहिलीच नाही. फळी एकीकडे, मी एकीकडे, चंद्रिकाचा हात माझ्या वेणीत. नाकातोंडात पाणी गेलं, कानात गेलं, बरंचसं पोटातही गेलं. वाळूत बसून खोकत होतो तेव्हा रेवा घाबरून धावत आली आणि विचारायला लागली, आई, काय होतंय, पाणी कसं लागलं?

खारट लागलं, दादा. नुसतं खारट.

तुझी
कल्पना